दहाव्या साइटचं पाणी

मेलबर्न कपच्या, म्हणजे इथल्या मोठ्या घोडेशर्यतीच्या दिवशी दुपारी दीड वाजता माझ्या भागीदाराचा, हृषिकेशचा मेसेज आला, 'साइट दहा उठली रे. उपसा दाखवतेय. बघितलंस का?' तेव्हा माझ्या हातात सँडविचची कागदी प्लेट होती, डोक्यावर आमच्या सल्लागार वेंडीने बळेच घातलेली गवती हॅट होती, आणि वेंडी मला सांगत होती की भिंतीवरच्या यादीत या वेळी माझंही नाव जाणार आहे. मी मेसेज वाचला, प्लेट खाली ठेवली आणि तिला 'हो, शुअर' म्हणालो. कशाला हो म्हणालो ते मलाच ठाऊक नव्हतं. साइट दहा म्हणजे वसईतली आमच्या घरामागची विहीर, तिथे आमचं पाणी मोजणारं यंत्र आहे. पप्पा गेल्यावर मेरिलने, माझ्या बहिणीने, मम्मीला बोरिवलीला स्वतःकडे नेलं, घराला कुलूप लावलं आणि मोटरची वीज तोडून घेतली. सहा महिने त्या विहिरीतून कोणी तांब्याभर पाणी काढलेलं नव्हतं. काढायला कोणी उरलंच नव्हतं.

ती यादी म्हणजे आमच्या शेडचं सगळ्यात मोठं भांडवल. शेड हा क्वीन्सलँडच्या किनाऱ्यासमोरच्या या बेटावरचा जुना सर्फ क्लब. काउन्सिलने, म्हणजे इथल्या पालिकेने, त्यात सहा टेबलं, दोन पंखे आणि बेटावरचं सगळ्यात वेगवान इंटरनेट टाकलं, आणि जाहीर केलं की ज्याला नवीन कंपनी काढायची आहे त्याने यावं, वर्षभर टेबल फुकट. माझ्यासारखे चार वेडे आले. मी ब्रिस्बेनची बरी चाललेली नोकरी सोडून आलो, २०२०च्या फेब्रुवारीत, आणि पुढच्याच महिन्यात जगाचे दरवाजे बंद झाले. मग जे काही होतं ते या बेटावरच होतं आणि त्या यादीत होतं. 'कोणाला काय विचारायचं' असं वेंडीने वर मोठ्या अक्षरात लिहिलंय. सोल्डरिंग करायचं असेल तर बोटी दुरुस्त करणारा म्हातारा, पण सकाळी अकराच्या आत, नंतर तो बियर उघडतो. थ्रीडी प्रिंटर शाळेत, मंगळवारी आणि शुक्रवारी. वकील महिन्यातून एकदा फेरीबोटीने येतो, अर्धा तास फुकट, पण त्याला फेरीपर्यंत सोडायला गेलात तर तासभर मिळतो. पहिले ग्राहक: पब, मँगो फार्म, कॅरव्हान पार्क, कंसात 'हे लोक खोटं कौतुक करत नाहीत'. आणि शेवटी वेंडी स्वतः, गुरुवारी, कशाहीबद्दल. दोन कंपन्या काढून विकलेली ही बाई सत्तरीला आली तरी अनवाणी फिरते. पप्पा गेले तेव्हा ती आठवडाभर माझ्या दारात रोज जेवणाचा डबा ठेवून जायची, बेल न वाजवता. तिच्यावर राग धरायला मला कुठूनही जागा सापडत नाही, आणि मी शोधली नाही असं नाही. आज तिला यादीत नवीन ओळ घालायची होती: 'ग्राहकाशी कसं बोलावं: जॉयल.' शर्यत संपली की नवीन आलेल्या तिघांना मी दहा मिनिटं माझी फोनवर बोलायची स्क्रिप्ट समजावून सांगायची. "मेट, तुझ्याइतक्या कमी वेळात ग्राहकाचा कॉल कोणी संपवलेला नाही," ती म्हणाली. "दोन मिनिटं चाळीस सेकंद. बाकीच्यांना वीस-वीस मिनिटं लागतात. तो आकडा मी फळ्यावर लिहून ठेवलाय बघ." मी बघितलं. लिहिलेला होता. तो कॉल कोणाचा होता हे तिने नोंदवहीत पाहिलेलं नव्हतं; तिथे तक्रारीच्या तिकिटाचा नंबर असतो, नाव नसतं.

आमचं यंत्र साधं आहे, छोट्या सोलर पॅनलवर चालणारं. विहिरीच्या किंवा टाकीच्या तोंडाशी बसवायचं, ते खाली पाण्याकडे आवाज सोडतं, आवाज परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खोल ते काढतं आणि दर मिनिटाला आकडा पाठवतं. स्क्रीनवर त्याची रेघ होते. कोणी पाणी उपसलं की रेघेला एक खाच पडते, हृषिकेश तिला दात म्हणतो. हृषिकेश दूरच्या वॉलॉंगॉंग शहरात बसून सॉफ्टवेअर लिहितो, मी इथे यंत्रं बनवतो आणि बसवतो; दीड वर्षात आम्ही एकमेकांना फक्त स्क्रीनवर पाहिलंय. पप्पांच्या विहिरीला रोज सकाळी सहाला एक दात पडायचा, बाहेर काहीही चालू असो. मला तो इथे साडेदहाला दिसायचा, आणि तो दिसला की मी दिवसाची दुसरी कॉफी करायचो. वास्तविक पप्पांना या यंत्राचा काडीचा उपयोग नव्हता. विहिरीच्या आतल्या चिरेबंदी बांधकामाचे किती थर पाण्याच्या वर उघडे आहेत हे ते येता-जाता मोजत आणि मनात ठेवत. बँकेतून निवृत्त झाल्यावर केळी, तोंडली आणि सोनचाफा एवढाच त्यांचा संसार होता, आणि मम्मी. रविवारी फोन केला की माझं पहिलं वाक्य 'पाणी किती?' आणि त्यांचं 'सात थर' किंवा 'अकरा थर'. मे महिन्यात चौदापर्यंत जायचं. आम्हा दोघांना एवढंच बोलता यायचं. बाकीचं सगळं मम्मी बोलायची, मागून, हात पुसत. मी त्यांना कधी 'तुम्ही कसे आहात' असं विचारल्याचं मला आठवत नाही, आणि विचारलं असतं तर ते घाबरले असते. 'पाणी किती' यात ते सगळं येतं असं मी धरून चाललो होतो. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी अशा धरून चाललो.

२०१९च्या नाताळात मी घरी गेलो तेव्हा ते यंत्र मीच बसवलं. पहिलंच, हाताने बनवलेलं, पावाच्या डब्यात घातलेलं. कठड्यावरून आत वाकून भिंतीला स्क्रू मारायचे होते. पप्पांनी कुठून तरी काथ्याचा दोर आणला, माझ्या कमरेला दोन वेढे दिले आणि दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधून पाय रोवून उभे राहिले. एकोणसत्तर वर्षांचा माणूस. मी म्हटलं, पप्पा, मी पडलो तर तुम्हीही याल. ते म्हणाले, "तू काम कर. मी धरलंय." आत गारवा होता, शेवाळाचा वास होता, खाली पाण्यात माझं डोकं दिसत होतं आणि त्याच्या मागे आभाळाचा गोल. मी वाजवीपेक्षा जास्त वेळ लावला. दोर हलला नाही. वर आलो तर त्यांच्या शर्टावर काथ्याचे तंतू चिकटले होते आणि मम्मी दोघांना शिव्या घालत होती. तीन जानेवारीला मी परत आलो. विमानतळावर त्यांनी विचारलं, त्या डब्यात मुंग्या गेल्या तर काय करायचं. मी सांगितलं, रिसेटचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं. त्यांनी मान हलवली. समोरासमोर आमचं तेच शेवटचं बोलणं झालं.

या वर्षी एप्रिलमध्ये काउन्सिलने आमच्याकडे तपासणीला माणसं पाठवायचं ठरवलं. एकवीस तारीख, बुधवार. दहा साइट्स चालू असल्या तर पुढचं वर्षही टेबल आमचं, शिवाय आसपासच्या बेटांवर आमचं नाव जाणार. बेटावर नऊ होत्या. दहावी वसईची, बसवली सगळ्यात आधी पण मोजताना शेवटी. वेंडीला ती फार आवडायची, ओव्हरसीज साइट म्हणून. पण तिने बजावलंही होतं की घरचा माणूस ग्राहक असेल तर दुप्पट कडक राहा, नाहीतर सपोर्ट बाजूला राहील आणि गप्पा मारत बसशील. स्क्रिप्ट तिनेच माझ्याकडून लिहून घेतली होती. सहा ओळी. पहिली ओळ 'हाऊ आर यू गोइंग'. इथे ते विचारून कोणी उत्तरासाठी थांबत नाही, दुकानातली मुलगी विचारते तेव्हा तिचे हात सामान भरतच असतात. अठरा, एकोणीस, वीस. तीन दिवस साइट दहाच्या रेघेला दात पडला नाही. रेघ सरळ. मी बघत होतो, हृषिकेश बघत होता. दोन इंजिनिअर, बेटावरचं सगळ्यात वेगवान इंटरनेट. तो म्हणाला, सेन्सर अडकलाय. मीही म्हणालो, सेन्सर अडकलाय. त्या महिन्यात बातम्यांमध्ये काय चाललं होतं ते मला माहीत नव्हतं असं नाही. रोज मेरिलचे मेसेज येत होते, अमका गेला, तमक्याला बेड मिळाला नाही. पण ते एका खिडकीत होतं आणि रेघ दुसऱ्या खिडकीत. सत्तरी ओलांडलेला माणूस तीन दिवस आपल्या केळींना पाणी घालत नाही, याचा एकच अर्थ होतो, आणि तो आमच्या गावात शाळेतल्या पोराने सांगितला असता.

रविवारचा फोन तयारीच्या गडबडीत राहिला होता; मी मंगळवारी केला. तिकडे दुपारचे अडीच वाजले होते. स्क्रिप्ट समोर होती आणि मी ती खरोखर वाचली, मराठीत करून. "पप्पा, कसे आहात?" ते म्हणाले, "असाच आहे रे." मी दुसऱ्या ओळीवर गेलो: दिवा हिरवा आहे की लाल. ते म्हणाले, बघितलं नाही, आत पडलोय. दुपारी ते नेहमीच पडतात. तिसरी ओळ, चौथी ओळ. पाचवी ओळ अशी आहे: कृपया यंत्रापर्यंत चालत जा आणि बटण दहा सेकंद दाबून धरा. ते म्हणाले, "आत्ता?" मी म्हणालो, "उद्या माणसं येतायत, पप्पा." ते म्हणाले, "बरं. लावतो मोटर पण, म्हणजे तुला तिकडे दिसेल." सहावी ओळ, धन्यवाद. दोन मिनिटं चाळीस सेकंद. पाऊण तासाने रेघेला दात पडला, चांगला खोल, आणि मी आणि हृषिकेशने आपापल्या स्क्रीनसमोर टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी माणसं आली, दहापैकी दहा, सगळे खूष. शुक्रवारी मेरिलने सांगितलं की पप्पांना सहा दिवसांपासून ताप आहे आणि ऑक्सिजन ब्याऐंशी. शुक्रवारातून सहा दिवस वजा केले की मंगळवार त्यातच येतो. ती वजाबाकी मी लगेच केली, तिच्या पुढच्या वाक्याआधी. एकोणतीसला ते गेले. इथून निघालो असतो तर परत येता आलं नसतं, असं मी लोकांना सांगतो. निघालो नाही हे खरं आहे. पप्पांना मूठमाती द्यायला चार जण होते, पांढऱ्या पोशाखातले, त्यात आमचं कोणी नव्हतं. आणि मी दर महिन्याला त्या यंत्रातल्या सिमचा रिचार्ज करत राहिलो. पावसात पाणी वर चढलं, ऑक्टोबरात हळूहळू उतरायला लागलं. दात एकही नाही. मी त्या रेघेला रोज साडेदहाला बघतो. कॉफी करत नाही.

मम्मीला मी यातलं काहीही सांगितलं नाही. दर रविवारी फोन करतो. हवा, जेवण, मेरिलची मुलं. ती 'त्यांचं' असं काही सुरू करते तेव्हा मला मीटिंग आठवते. तिला ठाऊक नाही की तापाने फणफणलेल्या तिच्या नवऱ्याला मी एप्रिलच्या उन्हात विहिरीवर चालवलं, हे एकच वाक्य मी सहा महिने दाताखाली धरून होतो. ते तोंडातून सुटलं तर मला आईही राहणार नाही, असं मला वाटायचं. हे वाटणं काही फार विचारांती आलेलं नव्हतं.

शेडमध्ये टीव्हीचा आवाज वाढला. घोडे रिंगणात फिरत होते, कोणीतरी घोड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या वाटत होतं, माझ्याही हातात एक दिली. मी फोन उघडून रेघ पाहिली. एकदम एक खोल दात नव्हता. बारीक बारीक पायऱ्या होत्या, थांबून थांबून. मोटरने असं होत नाही, हाताने ओढलं तर होतं. आमच्या विहिरीच्या घेराला एक बादली म्हणजे दोन मिलिमीटर, हा हिशोब मी कधीच करून ठेवलेला आहे. पाच बादल्या झाल्याशिवाय यंत्र उपसा धरत नाही. कोणीतरी ओढत होतं. मग मला तारीख दिसली. दोन नोव्हेंबर. ऑल सोल्स. आमच्याकडे कबरी धुण्याचा दिवस. मी हॅट काढून ठेवली, व्हरांड्यात आलो आणि मम्मीला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"मम्मी, कुठे आहेस?"

"घरी." मेरिलच्या घराला ती घरी म्हणत नाही. तिला धाप लागली होती. "चर्चमध्ये सकाळची मिस्सा झाली. कबर धुतली, मेणबत्त्या लावल्या. मेरिल सेमेटरीतच आहे, बायकांशी बोलत उभी. मी किल्ली घेऊन पुढे आले."

"विहिरीवर आहेस?"

बादली दगडावर टेकल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "दिसलं होय तुला?"

"काय?"

"पाणी हललेलं."

"किती बादल्या काढल्यास तू?"

"नऊ."

"अगं, कबरीला नऊ बादल्या?"

"कबर चर्चच्या नळाने धुतली. हे केळींच्या बुडाशी ओतलं. गवत माजलंय नुसतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तीन काढल्या तेव्हा तुझा फोन आला नाही. म्हटलं, तेवढ्याने दिसत नसेल. मग आणखी काढल्या."

एकोणसत्तर वर्षांची बाई. गुडघ्याला पट्टा आहे तिच्या. मी म्हणालो, "मला फोन करायचा ना, मम्मी."

"मी केला की तू चार मिनिटं बोलतोस. त्यांचं नाव काढलं की तुझी मीटिंग निघते." ती हे रागाने बोलत नव्हती. "त्या दिवशी मंगळवार असून तुझा फोन आला होता. पाणी हलत नव्हतं म्हणून. आज पण मंगळवार. म्हटलं, हलवून बघू."

आत शेडमध्ये सगळे उभे राहिले होते. काचेतून मला भिंत दिसत होती आणि वेंडी खुर्चीवर चढून यादीच्या तळाशी माझं नाव लिहीत होती. मी म्हणालो, "मम्मी, त्या दिवशी मी पप्पांना उन्हात पाठवलं. ताप होता त्यांना. मी विचारलं पण ऐकलं नाही. मीच पाठवलं." वाक्य सुटलं. वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं.

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"फोन स्पीकरवर होता. मी तिथेच होते, काढा घेऊन." विहिरीवरच्या कप्पीचा आवाज आला, तिने दोर कुठे तरी अडकवला असावा. "चपला मीच पुढे केल्या त्यांच्या. टोपी पण दिली. म्हटलं, जाऊन या लवकर, पोर तिकडे खोळंबलंय. ते म्हणाले, त्याचं आधी होऊ दे, तापाचं नंतर सांगू. मी म्हटलं, बरं. मी अडवलं नाही रे, जॉयल."

म्हणजे सहा महिने मी इथे बसून समजत होतो की हे माझ्या एकट्याचं आहे, आणि ती बोरिवलीत मेरिलच्या मागच्या खोलीत बसून समजत होती की तिचं एकटीचं आहे. आणि दर रविवारी आम्ही एकमेकांना हवा सांगत होतो. मी म्हणालो, "मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

ती रडत होती की धाप होती ते कळत नव्हतं. मीही रडत होतो, उघड्यावर, आणि समोरच्या पायवाटेने एक कुत्रा फिरवणारा माणूस जाता जाता म्हणाला, हाऊ यू गोइंग, मेट, आणि पुढे गेला.

"विचार ना," मम्मी म्हणाली.

"काय विचारू?"

"त्यांना विचारायचास ते."

"पाणी किती आहे, मम्मी?"

"थांब, बघते." चपला घासल्याचा आवाज झाला, मग कठड्यावर हात टेकल्याचा, बांगड्या दगडाला लागल्या. तिचा आवाज आता विहिरीतून येत होता, पोकळ. "वरचा कठड्याचा दगड धरायचा का रे मोजताना? ते कुठून मोजायचे?"

मला माहीत नव्हतं. पंधरा वर्षं मी रविवारी तो आकडा ऐकला, आणि तो कुठून सुरू होतो हे मी त्यांना कधी विचारलं नाही. तिनेही नाही. आता ते सांगणारं कोणी नव्हतं. माझ्या हातातल्या फोनवर पाण्याची खोली सेंटिमीटरमध्ये लिहिलेली होती, एका दशांशापर्यंत बरोबर. मी फोन कानालाच धरून ठेवला.

"मला नाही माहीत, मम्मी."

"मग धरूनच मोजते," ती म्हणाली. "एक." आत घोडे सुटले आणि सगळे एकदम ओरडायला लागले. मी दुसऱ्या कानावर हात ठेवला. "दोन. तीन." ती सावकाश मोजत होती, प्रत्येक दगडाची खात्री करून घेत. चारला ती थांबली. मी काही विचारलं नाही, पुढे गेलो नाही, तिथेच उभा राहिलो. बऱ्याच वेळाने तिने पाच म्हटलं.